सिगविनमधून टेप आणि डिस्क वाचताना: नावातलं एक अक्षर चुकलं तर बॅकअप जातो

जुन्या सर्व्हरच्या बॅकअपची टेप कपाटात आहे. ती वाचणारा ड्राइव्हही कुठून तरी मिळाला आहे. पण टेबलावरच्या संगणकात विंडोज आहे आणि टेपवरचा डेटा युनिक्सच्या ‘टार’ने लिहिलेला आहे. पतसंस्था, छापखाना, कारखान्याचं अकाउंट्स खातं, कुठेही ही वेळ येऊ शकते. ऑडिटरने मागच्या वर्षांची लेजर मागितली की मग धावपळ सुरू होते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे कंपनीला हिशेबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात, आणि कोर्टात वाद गेला तर त्याहून जुनं दप्तरही उघडावं लागतं. विंडोज न काढता अशी टेप किंवा डिस्क थेट वाचण्याची एक फुकट सोय आहे, तिचं नाव सिगविन.

सिग्नस सोल्यूशन्स या अमेरिकी कंपनीत १९९५ मध्ये हे काम सुरू झालं. ‘सिगविन’मधला ‘सिग’ त्या कंपनीचा आणि ‘विन’ विंडोजचा. पुढे ती कंपनी रेड हॅटने घेतली. सिगविन म्हणजे वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे. युनिक्सचा प्रोग्रॅम ज्या भाषेत सिस्टिमशी बोलतो ती भाषा विंडोजला समजेल अशी करून देणारा हा दुभाषा आहे. युनिक्समध्ये डिस्क असो की टेप, प्रत्येक उपकरण एखाद्या फायलीसारखं दिसतं आणि ‘/डेव्ह’ या फोल्डरखाली त्याला नाव असतं. सिगविन तीच नावं विंडोजच्या आतल्या नावांशी जोडून देतं. (इथे नावं देवनागरीत दिली आहेत; कीबोर्डवर ती लहान इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.)

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जी ‘डिस्क ०’ दिसते, ती सिगविनमध्ये /डेव्ह/एसडीए. ‘डिस्क १’ म्हणजे एसडीबी, पुढची एसडीसी. शेवटी आकडा लागला की तो त्या डिस्कचा विभाग, म्हणजे पार्टिशन: एसडीबी१, एसडीबी२. आकडा नसेल तर पूर्ण डिस्क. सीडी ड्राइव्ह एसआर०, पहिला टेप ड्राइव्ह एसटी०. हे सगळं चालवायचं तर सिगविनची खिडकी ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडावी लागते, नाहीतर ‘परमिशन डिनाइड’ एवढंच उत्तर येतं.

टेपला मात्र दोन नावं असतात, आणि खरी गोम तिथेच आहे. एसटी० आणि एनएसटी० हा एकच ड्राइव्ह. एसटी० या नावाने काम केलं की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. एनएसटी० मधला ‘एन’ म्हणजे ‘नो रिवाइंड’. टेप जिथे थांबली तिथेच राहते. समजा, सोमवारचा बॅकअप एसटी० वर घेतला आणि मंगळवारचाही त्याच टेपवर एसटी० वर घेतला. मंगळवारचा बॅकअप सोमवारच्या डोक्यावर बसला. बरं, मंगळवारचा बॅकअप लहान होता म्हणून सोमवारचा उरलेला भाग तरी वाचेल, असंही नाही. टेपवर नवीन लिखाण जिथे संपतं तिथे ड्राइव्ह ‘डेटा संपला’ अशी खूण टाकतो आणि त्या खुणेच्या पलीकडे साध्या मार्गाने जात नाही. कॅसेटच्या जमान्यात गाण्यावर चुकून रेकॉर्डिंग झालं तर पुढचं गाणं तरी ऐकू यायचं. इथे तेही नाही.

म्हणून जुनी टेप हातात आली की संगणकाकडे वळण्याआधी तिच्या कडेची सरकती चकती ‘लिहिण्यास बंद’ बाजूला ढकलावी. डीएटी आणि एलटीओ दोन्ही प्रकारांत ती असते. दहा सेकंदांचं काम आहे, पण बाकी सगळ्या काळजीपेक्षा हे मोलाचं.

टेप पुढे-मागे करायला ‘एमटी’ नावाची आज्ञा आहे. तिला आधी ‘वजा एफ’ देऊन एनएसटी० हे नाव सांगायचं, मग ‘स्टेटस’ म्हटलं की टेप कुठे उभी आहे ते कळतं. ‘रिवाइंड’ने सुरुवातीला जाते, ‘एफएसएफ १’ने पुढच्या बॅकअपच्या तोंडाशी येते, ‘ईओएम’ने लिहिलेल्या भागाच्या शेवटी. एका टेपवर पाच बॅकअप असतील तर मोजणी शून्यापासून होते. चौथा हवा तर सुरुवातीपासून ‘एफएसएफ ३’. त्यानंतर टारला ‘वजा टी’ देऊन आधी फक्त यादी पाहावी. फायली बाहेर काढणं त्यानंतर.

यादीऐवजी एरर आली म्हणून टेप खराब ठरवून फेकू नये. टार हे नावच ‘टेप अर्काइव्ह’वरून आलं, १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ते आलं. टेपवर ते ठरावीक मापाचे गठ्ठे लिहितं. सवयीचं माप ५१२ बाइटचे २० तुकडे, म्हणजे १०,२४० बाइट. बॅकअप घेणाऱ्याने त्या वेळी वेगासाठी ६५,५३६ चं माप ठेवलं असेल तर लहान मापाने वाचताना गाडी अडते. तेव्हा टारला ‘वजा बी १२८’ सांगून पाहावं. माप माहीतच नसेल तर ‘डीडी’ने मोठं माप देऊन एकच गठ्ठा उचलायचा, किती बाइट आले ते तो शेवटी सांगतो, तेच माप.

तरीही टारला काही ओळखता आलं नाही तर ती टेप कदाचित विंडोजच्याच जुन्या ‘एनटीबॅकअप’ने लिहिलेली असेल. त्याची मांडणी वेगळी, टारला ती कळत नाही. गंमत म्हणजे विंडोजने स्वतः हा प्रोग्रॅम व्हिस्टापासून काढून टाकला आणि सर्व्हर २००८ च्या बॅकअपमध्ये टेपची सोयच ठेवली नाही. आणखी एक अडचण ड्राइव्हची. एलटीओच्या सातव्या पिढीपर्यंतचा ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचू शकतो, पण आठव्या पिढीचा फक्त सातवी वाचतो. त्यामुळे सेकंडहँड ड्राइव्ह घेताना टेपवरचा आकडा आधी पाहावा, पैसे नंतर मोजावेत.

डिस्कची कथा वेगळी. जुन्या लिनक्स सर्व्हरची डिस्क यूएसबीने जोडली की विंडोज लगेच विचारतं, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ उत्तर एकच: कॅन्सल. मग सिगविनमध्ये /प्रॉक/पार्टिशन्स ही फाइल उघडून पाहावी. प्रत्येक विभागाचं नाव, आकार आणि त्याला विंडोजने दिलेलं ड्राइव्हचं अक्षर तिथे शेजारी-शेजारी दिसतं. ‘सी’ ड्राइव्ह म्हणजे एसडीए१ असं गृहीत धरू नये. बऱ्याच संगणकांत त्याच्या आधी एक लपलेला छोटा विभाग असतो. यूएसबी काढून परत लावली की क्रमांकही बदलू शकतो. आकार ताडून पाहणं हीच खात्रीची खूण: ५०० जीबीची डिस्क लावली असेल तर तेवढ्याच आकाराची ओळ शोधायची.

डीडीने प्रत काढताना ‘आयएफ’ म्हणजे कुठून आणि ‘ओएफ’ म्हणजे कुठे. इथेही फरक एकाच अक्षराचा. ही दोन उलटी झाली तर डीडी काही विचारत नाही, लिहायला लागतो. व्हिस्टापासून विंडोज चालू फाइल सिस्टिमवर असं थेट लिहू देत नाही, पण हे संरक्षण विंडोजला ओळखू येणाऱ्या विभागांपुरतं आहे. जुनी लिनक्स डिस्क त्याला ‘रॉ’ दिसते. म्हणजे जी वाचवायला बसलो, नेमकी तीच उघड्यावर. डिस्क खरखरत असेल तर डीडीपेक्षा ‘डीडीरेस्क्यू’ बरा. तो चांगला भाग आधी उचलतो, खराब जागांची नोंद ठेवतो आणि मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतो. सीमाभागातल्या वीजपुरवठ्याचा अनुभव असणाऱ्यांना या शेवटच्या गुणाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

एक अपेक्षा मात्र ठेवू नये. सिगविनमध्ये ‘माउंट’ ही आज्ञा आहे, पण ती लिनक्सची डिस्क उघडून आतली फोल्डरं दाखवत नाही. विंडोजच्या फोल्डरला युनिक्सछाप पत्ता देणं एवढंच तिचं काम. तेव्हा इथे डिस्कची पूर्ण प्रत काढून घ्यायची आणि ती प्रत लिनक्सवर उघडायची.

फायली हाती आल्यावर मराठी वाचकांची शेवटची परीक्षा उरते. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. जुन्या टारमध्ये फायलीच्या नावाला १०० बाइटच जागा, म्हणजे जेमतेम ३३ चिन्हं, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. सिगविनमधला टार लांब नावं सांभाळतो. पण आतला मजकूर युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. ती फाइल खराब झालेली नाही. फक्त तो जुना फॉन्ट किंवा त्याचा कन्व्हर्टर शोधावा लागेल, आणि तोपर्यंत मूळ फाइल ‘सेव्ह’ करायची नाही.