जुन्या माउंटन बाइकच्या डिरेलरचे सुटे भाग

डिरेलर ही सायकलची साखळी एका दातेरी चक्रावरून शेजारच्या चक्रावर सरकवून गिअर बदलणारी यंत्रणा होय. माउंटन बाइकच्या आरंभकाळातील, म्हणजे साधारणतः १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या डिरेलरांचे उत्पादन बंद होऊन बराच काळ लोटला आहे. त्यांचे सुटे भाग मिळविणे हा जुन्या सायकलींच्या जीर्णोद्धारातील सर्वांत वेळखाऊ भाग मानला जातो. अडचण केवळ दुर्मिळतेची नसते. बाहेरून सारखे दिसणारे दोन भाग परस्परांच्या जागी बसतातच असे नाही, आणि बसले तरी गिअर अचूक बदलेल याची खात्री नसते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन काउंटीत डोंगरउतारावर चालविल्या जाणाऱ्या जुन्या सायकलींना १९७०च्या दशकात डिरेलर जोडले जाऊ लागले. त्या काळी खास डोंगरी वापराचा डिरेलर अस्तित्वात नव्हता, त्यामुळे लांब पल्ल्याच्या पर्यटन सायकलींचे भाग वापरले जात. जपानमधील सनटूर (माएदा इंडस्ट्रीज) या कंपनीचे डिरेलर त्यांत विशेष लोकप्रिय होते. या कंपनीने १९६४ साली तिरक्या समांतरभुज रचनेचे पेटंट घेतले होते. या रचनेत डिरेलरची वरची कप्पी मागील चक्रांच्या उतरत्या रांगेला धरून सरकते, त्यामुळे कप्पी व चक्र यांतील अंतर फारसे बदलत नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यास पेटंटची मुदत संपताच प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ही रचना उचलली. आजचे जवळपास सर्व मागील डिरेलर याच तत्त्वावर चालतात.

शिमानो कंपनीने १९८२ साली डिओर एक्सटी (एम७००) हा माउंटन बाइकसाठीचा स्वतंत्र भागसंच बाजारात आणला. त्यावरील हरणाच्या मुखाच्या चिन्हामुळे संग्राहक त्याला ‘डिअरहेड’ म्हणतात. त्यानंतरचा एम७३० संच १९८७ च्या सुमारास इंडेक्स पद्धतीसह आला. सनटूरचा सायकल-भागांचा व्यवसाय १९८०च्या दशकाच्या अखेरीस विकला गेला. पुढे एसआर सनटूर या नावाची कंपनी प्रामुख्याने सस्पेन्शन फोर्कसाठी ओळखली जाऊ लागली, आणि जुन्या डिरेलरांचे सुटे भाग पुरविणारा मूळ उत्पादक उरला नाही. इटलीच्या कॅम्पान्योलोनेही १९८०च्या दशकाच्या अखेरीस युक्लिडसारखे माउंटन बाइक संच काढले, पण काही वर्षांतच हे क्षेत्र सोडले. त्यांचे भाग आज अधिकच विरळा आहेत.

झिजणारे भाग

सर्वांत आधी झिजतात त्या कप्प्या. मागील डिरेलरच्या पिंजऱ्यात दोन कप्प्या असतात. वरची साखळीला दिशा देते व खालची तिला ताणून धरते. चिखल व वाळू यांमुळे त्यांचे दाते टोकदार होतात आणि मधली धातूची बुश ढिली पडते. त्याखालोखाल स्प्रिंगा गंजतात किंवा त्यांचा जोर ओसरतो, पिंजऱ्याच्या पट्ट्या दगडावर आपटून वाकतात, आणि केबलचा ताण जुळविणारा पोकळ स्क्रू तुटतो अथवा हरवतो.

समांतरभुजाच्या चार सांध्यांतील ढिलेपणा मात्र वेगळ्या प्रतीचा दोष आहे. अनेक डिरेलरांत हे सांधे रिव्हेट ठोकून कायमचे बंद केलेले असतात. ते उघडण्याची सोयच नसल्याने सांधा झिजला की बाकीचे सर्व भाग उत्तम असूनही डिरेलर निकामी ठरतो. म्हणून भागांचा शोध सुरू करण्यापूर्वी पिंजरा हाताने आडवा हलवून सांधे तपासणे श्रेयस्कर, अन्यथा स्प्रिंग व कप्प्यांवर केलेला खर्च वाया जातो.

काही डिरेलरांची रचनाच त्यांच्या मुळावर आली. सनटूरच्या माउंटेक या प्रकारात पिंजऱ्याचा सांधा आणि त्याची स्प्रिंग वरच्या कप्पीच्या पोटात सामावलेली होती. रचना कल्पक होती, पण चिखलात ती टिकली नाही. या जागी बाजारातील साधी कप्पी बसत नाही. त्यामुळे एका कप्पीअभावी धड स्थितीतील माउंटेक डिरेलर अडगळीत जातात.

ओळख पटविणे

‘शिमानो एक्सटीची कप्पी’ एवढ्या वर्णनावर योग्य भाग सापडत नाही. शिमानोच्या मागील डिरेलरवर ‘आरडी’ या अक्षरांनी सुरू होणारा प्रतिमान क्रमांक असतो. याशिवाय आतील बाजूस बहुधा दोन रोमन अक्षरे ठोकलेली आढळतात. पहिले अक्षर वर्ष दर्शविते (‘ए’ म्हणजे १९७६, ‘बी’ म्हणजे १९७७ याप्रमाणे) आणि दुसरे महिना (‘ए’ म्हणजे जानेवारी). त्यानुसार ‘एमडी’ ही अक्षरे एप्रिल १९८८ सुचवितात. ही तारीख भागाच्या निर्मितीची असते, सायकलच्या विक्रीची नव्हे. वर्णमाला एकदा संपल्यावर पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू झाल्याने जुन्या-नव्याचा गोंधळ टाळण्यासाठी प्रतिमान क्रमांकही पाहावा लागतो.

कंपनीच्या सुट्या भागांच्या आकृत्यांत प्रत्येक स्प्रिंग, बोल्ट व पट्टीला स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. दोन वेगवेगळ्या डिरेलरांच्या आकृत्यांत एकच क्रमांक आढळला तर तो भाग दोहोंना चालतो. महागड्या संचातील बोल्ट किंवा कप्पी त्याच काळातील स्वस्त संचातही वापरलेली असू शकते, आणि स्वस्त संच तुलनेने सहज मिळतात. आकृती उपलब्ध नसल्यास व्हर्नियर कॅलिपरने मापे घ्यावी लागतात: कप्पीच्या दात्यांची संख्या व जाडी, बुशची लांबी व आतील व्यास, बोल्टचा व्यास व आट्यांचे अंतर. बहुतांश जपानी डिरेलरांत कप्पीचा बोल्ट ५ मिमी व्यासाचा असतो, तर चौकटीच्या हँगरमध्ये शिरणारा मुख्य बोल्ट १० मिमी व्यासाचा व १ मिमी अंतराच्या आट्यांचा असतो.

इंडेक्स पद्धतीचे बंधन

जुन्या घर्षण पद्धतीत चालक लिव्हर अंदाजाने सरकवून साखळी जागेवर आणतो. भागांतील लहानसहान फरक त्याचा हातच भरून काढत असल्याने भिन्न कंपन्यांचे भाग एकत्र चालून जातात. इंडेक्स पद्धतीत लिव्हरचा प्रत्येक टप्पा केबल ठरावीक अंतरच ओढतो, म्हणून लिव्हर, डिरेलर व चक्रांमधील अंतर ही तिन्ही जुळावी लागतात. शिमानोच्या सात चक्रांच्या संचात शेजारच्या चक्रांमधील अंतर सुमारे ५ मिमी, तर आठ चक्रांच्या संचात सुमारे ४.८ मिमी असते. त्या काळातील शिमानोचे माउंटन बाइक डिरेलर केबलच्या हालचालीच्या सुमारे १.७ पट सरकतात. अमेरिकन कंपनी स्रॅमच्या १९९०च्या दशकातील ईएसपी डिरेलरांत हे प्रमाण जवळपास एकास एक होते. सनटूरच्या ॲक्युशिफ्ट लिव्हरचे टप्पे आणखी निराळे होते.

कप्पीबाबतही हाच प्रश्न येतो. शिमानोच्या इंडेक्स डिरेलरातील वरची कप्पी बुशवर किंचित आडवी सरकू शकते आणि साखळीला चक्राच्या रेषेत स्वतःहून आणते. तिच्या जागी घट्ट बेअरिंगची आकर्षक कप्पी बसविल्यास फिरणे हलके होते, परंतु केबलची जुळवणी फार काटेकोर ठेवावी लागते. वरची व खालची कप्पी चुकून अदलाबदल होणे हा तर दुरुस्तीनंतर गिअर नीट न बदलण्याचा नेहमीचा प्रकार आहे.

भागांचे स्रोत

मूळ भागांचा खरा साठा मोडक्या डिरेलरांत असतो. सांधे झिजलेला किंवा समांतरभुज वाकलेला डिरेलर ‘दाता’ म्हणून विकत घेऊन त्याच्या कप्प्या, पट्ट्या, बोल्ट व स्प्रिंगा काढून घेतल्या जातात. अपघातात उलट बाजू दुखावलेले दोन डिरेलर मिळून एक पूर्ण होणे अशक्य नाही. जुन्या सायकल दुकानांतील न वापरलेला साठा अर्थातच अधिक मोलाचा ठरतो, पण ‘न वापरलेला’ म्हणजे नव्यासारखाच असे नाही. आतील ग्रीस कडक झालेले असते आणि प्लॅस्टिकचे भाग ठिसूळ होतात, त्यामुळे असा डिरेलर उघडून, साफ करून व पुन्हा वंगण घालूनच वापरला जातो.

पर्यायी भागांचीही जुनी परंपरा आहे. बुलसाय व टॅक्स या कंपन्यांच्या बंद बेअरिंगच्या कप्प्या त्या काळीही मूळ कप्प्यांऐवजी बसविल्या जात. अशा कप्प्या असलेली सायकल त्यामुळे ‘अस्सल नाही’ असे ठरविणे घाईचे होईल. लेथवर ॲसिटल प्लॅस्टिकची कप्पी कातून घेणे किंवा पत्र्यातून पिंजऱ्याची पट्टी कापून घेणे हे मार्ग आज अवलंबिले जातात. स्प्रिंग बनविणे याहून कठीण असते, कारण तारेची जाडी, वेढ्यांची संख्या व टोकांचा कोन या सर्वांवर तिचा जोर अवलंबून असतो.

केवळ सायकल चालती करावयाची असेल, तर शिमानोच्या सहा ते नऊ चक्रांच्या इंडेक्स माउंटन बाइकला त्याच कंपनीचा नऊ चक्रांपर्यंतचा नंतरचा डिरेलर सहसा चालतो. २०१०च्या सुमारास आलेल्या दहा चक्रांच्या डायना-सिस संचात मात्र केबलचे प्रमाण बदलल्याने तो डिरेलर जुन्या लिव्हरशी जुळत नाही.

नवा किंवा दुरुस्त डिरेलर बसविण्यापूर्वी हँगर सरळ असल्याची खात्री केली जाते. वाकलेल्या हँगरवर पिंजरा चाकाकडे झुकतो आणि सर्वांत हलक्या गिअरवर, म्हणजे नेमका चढावर जोर लावताना, आऱ्यांत अडकू शकतो. अशा वेळी महिनोन्महिने शोधून मिळविलेला पिंजरा एका फेऱ्यात पिळवटून जातो. जुन्या पोलादी चौकटीचा हँगर मापक अवजाराने सरळ करता येतो. ॲल्युमिनियमचा हँगर वाकविताना तडकण्याचा धोका असतो, आणि तो चौकटीपासून वेगळा होणारा असल्यास त्याचाही नेमका जोडीदार शोधावा लागतो.