पाण्याखाली पाठ केलेले शब्द

वर्गात घडाघडा उत्तरे देणारा विद्यार्थी परीक्षा केंद्रावर अडखळतो, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. यात जागा बदलल्याचा वाटा किती असावा? जागा आणि आठवण यांचे नाते तपासणारा एक प्रसिद्ध प्रयोग स्कॉटलंडमध्ये ओबानजवळच्या समुद्रात झाला.

डंकन गॉडन आणि अ‍ॅलन बॅडली यांनी पाणबुड्यांना प्रत्येक वेळी ३६ सुट्या शब्दांची यादी ऐकवली, कधी किनाऱ्यावर तर कधी पाण्याखाली. आठवायला सांगितले तेही कधी त्याच ठिकाणी, कधी दुसऱ्या. निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. किनाऱ्यावर ऐकलेले शब्द किनाऱ्यावर सरासरी १३.५ आठवले, पाण्यात ८.६. पाण्यात ऐकलेले पाण्यात ११.४ आठवले, किनाऱ्यावर ८.४.

पण ही घट जागा बदलण्याच्या दगदगीमुळे तर नसेल? ही शंका फेडण्यासाठी त्यांनी दुसरा प्रयोग केला. पाणबुड्यांनी शब्द किनाऱ्यावर ऐकले, मध्ये एक बुडी मारली आणि किनाऱ्यावरच ते आठवले. बुडी न मारता जेवढे आठवत, जवळजवळ तेवढेच आठवले. म्हणजे दोष दगदगीचा नव्हता.

पुढे १९८० मध्ये त्यांनीच दाखवले की, समोरच्या शब्दांतून ऐकलेले शब्द नुसते ओळखायचे असतील, तर जागेने फरक पडत नाही. शब्द स्वतःच खूण पुरवतो. खूण नसते तेव्हा मन परिसराचा आधार घेते.

मग परीक्षा वर्गातच घ्यावी का? कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात खऱ्या परीक्षा नेहमीच्या आणि परक्या खोल्यांत घेऊन पाहिल्या. १९८५ च्या त्या अहवालात गुणांत लक्षणीय फरक दिसला नाही. २०२१ मध्ये याप मुरे यांनी पाणबुड्यांचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मूळ परिणामही मिळाला नाही. एकच गाजलेला प्रयोग म्हणजे अंतिम शब्द नव्हे, हेही आपण विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

सुट्या शब्दांना जागेशिवाय दुसरा आधार नसतो. समजून घेतलेल्या धड्याला अर्थाचे अनेक धागे असतात. स्टीव्हन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले की, तीच यादी दोन वेगळ्या खोल्यांत शिकल्यास तिसऱ्या, नव्या खोलीत ती अधिक आठवते. तेव्हा एकच विषय फळ्यासमोर, प्रयोगशाळेत आणि अंगणातही शिकवून पाहावा. परक्या बाकावर बसण्याची ती चांगली तयारी ठरेल.