टीव्हीची निवड : अंतर, कोन आणि उजेड

टीव्हीच्या खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत ‘४के’ छापलेले असते, आणि निवड करताना बहुधा तोच आकडा सर्वांत कमी उपयोगी पडतो. हे गणिताने पडताळता येते. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा बारकावा कळतो. ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. फुल एचडीत तिच्यावर १९२० ठिपके बसतात, म्हणजे एक ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच फुटांपलीकडून तो सुटा ओळखू येत नाही. सोफा नऊ फुटांवर असेल, तर त्याच आकारात ४केचे ३८४० ठिपके कोंबून डोळ्याला नवे काहीच मिळत नाही. ४केचे चीज व्हायचे तर पडदा मोठा हवा.

मुळात पडदा किती मोठा असावा? सिनेमासाठी चित्राने नजरेचा सुमारे ३० अंशांचा कोन व्यापावा, असा संकेत आहे. त्या हिशेबाने ५५ इंची पडदा साडेसात फुटांवरून आणि ६५ इंची नऊ फुटांवरून पाहावा. पण घरात दिवसभर डीटीएचवरच्या साध्या एसडी वाहिन्याच चालत असतील, तर ५७६ ओळींचे चित्र ६५ इंचांवर ताणले जाते आणि माणसांचे चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे दिसू लागतात. तिथे ४३ इंचच शहाणपणाचे.

खरा फरक पॅनेलमध्ये असतो, आणि नेमका तोच खोक्यावर क्वचित लिहिलेला असतो. एलसीडीचे दोन मुख्य प्रकार. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद. त्याचे कॉन्ट्रास्ट साधारण ३००० ला १ किंवा त्याहून जास्त. आयपीएसचे १००० ला १ च्या आसपास, म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा राखाडी वाटतो. मात्र बाजूने पाहिले की व्हीएचे रंग फिके पडतात, आयपीएसचे बरेचसे टिकतात. तेव्हा टीव्ही समोरून कोण पाहते आणि पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकघराच्या दारातून कोण, हे आधी ठरवावे. शोकेसच्या वर, छताजवळ टीव्ही टांगायची आपल्याकडची हौस हाही कोनाचाच प्रश्न आहे. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांत पॅनेल बदलू शकते, म्हणून दुकानात नेमक्या त्याच आकाराच्या टीव्हीसमोरून बाजूला सरकून पाहावे.

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो नि विझतो. त्यामुळे काळा खरोखर काळा आणि कोनाची अडचण जवळजवळ नाही. पण एका जागी तासन्‌तास स्थिर राहणाऱ्या चित्राचा कायमचा डाग पडण्याचा धोका त्यात असतो. आपल्या वृत्तवाहिन्यांवर बातमीपेक्षा पट्ट्याच जास्त जागा अडवतात. ज्या घरात सकाळपासून बातम्या लागतात, तिथे ओएलईडी नको. बाल्कनीचा उजेड थेट पडद्यावर येणाऱ्या हॉलमध्येही त्याचा काळा वाया जातो; तिथे प्रखर एलसीडी बरा. क्यूएलईडी हे नाव ओएलईडीच्या जवळचे वाटले तरी तो एलसीडीच आहे, रंग सुधारण्यासाठी क्वांटम डॉटचा थर दिलेला.

एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेले चित्र. त्याच्या शिक्क्याचा अर्थ इतकाच, की टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो. एचडीआर चित्रपट बहुधा १००० निट्सचा उजेड धरून रंगवलेले असतात. स्वस्त टीव्ही ३०० च्या आसपास थांबतात. निट्स किती आणि बॅकलाइटचे स्वतंत्र मंद होणारे विभाग किती, हे दोन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. उत्तर आले नाही, तर शिक्का विसरावा. दुकानातले भडक ‘व्हिव्हिड’ चित्र मात्र ‘सिनेमा’ मोडवर आणायला लावल्याशिवाय कोणतीही तुलना करू नये.

करामुळे ३२ इंचांवर अडून राहण्याचे कारण आता उरलेले नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाचलेले पैसे आवाजासाठी ठेवावेत, कारण पातळ चौकटीतले स्पीकर सहसा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि संवाद पुसट ऐकू येतात. स्मार्ट सॉफ्टवेअरला फार वजन देऊ नये. पॅनेल धडधाकट असतानाच ॲप जुनी होतात, आणि तेव्हा बाहेरून स्ट्रीमिंग स्टिक जोडली की भागते. म्हणून एचडीएमआयची तोंडे तीन तरी असावीत : एक सेटटॉप बॉक्सला, एक साउंडबारला, एक त्या स्टिकला.