कडीची जागा

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या निवासाचा इतिहास मी दारांवरून वाचतो.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी ५१ वर्षांच्या ऑगुस्टे डेटर फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्यांनी स्वतःचंच सांगितलं. फार अस्वस्थ झाल्या, की त्यांना वेगळ्या खोलीत ठेवत. १९०६ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

२००९ साली नेदरलँड्समधल्या वेस्प गावात ‘होगेवेक’ ही खास वस्ती सुरू झाली. सहा-सात जणांचं एकेक घर; शिवाय दुकान, नाट्यगृह, उपाहारगृह. आत हवं तिथे फिरावं. बाहेर जाण्याच्या दाराशी मात्र राखण.

शंभर वर्षांत कडी खोलीवरून वेशीवर सरकली. तेवढ्या सरकण्याचं मोल मला कळतं. आईच्या खोलीला बाहेरून कडी मीच लावत असे.