पोस्ट कुटुंबाच्या कागदांतली हॅरिएट

ग्रंथालयात उमेदीची वर्षं घालवल्यामुळे पुस्तक हाती आलं की माझी नजर आधी लेखकाच्या नावावर जाते. 1861 साली बोस्टनमध्ये छापलेल्या 'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल'वर ते नावच नव्हतं. निवेदिका लिंडा ब्रेंट, तेही टोपणनाव. हे आपण स्वतः लिहिलंय एवढी ग्वाही, आणि खाली संपादिका म्हणून लिडिया मारिया चाइल्ड.

चाइल्डबाई गोऱ्या आणि नामवंत. मग ही त्यांचीच कादंबरी, असं अनेक अभ्यासक धरून चालले. 1972 साली जॉन ब्लासिंगेम यांनीही ही कहाणी विश्वासार्ह नसल्याचा शेरा मारला. गुलामांच्या बाजूनं इतिहास लिहिणाऱ्यानं असं म्हणावं, याचं मला फार वाईट वाटतं.

कहाणी खरी होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या एडन्टनची हॅरिएट जेकब्स मालकाच्या वासनेला कंटाळून पळाली आणि आजीच्या घराच्या पोटमाळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, छप्पर सर्वांत उंच तिथं तीन फूट. उभं राहता येत नव्हतं, अंगावरून उंदीर धावत. गिरमिटानं भोकं पाडून ती खाली खेळणारी आपली मुलं बघायची. तिथूनच मालकाला पत्रं लिहून ती न्यूयॉर्कहून टाकायला लावायची, म्हणजे तो तिकडे शोधत बसेल. 1835मध्ये त्यानं शंभर डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली होती. तिच्या शिवणकामाची तारीफही त्या जाहिरातीत आहे.

1842मध्ये ती उत्तरेत निसटली. पुढं विलिस कुटुंबाची मुलं सांभाळून रात्री लिहीत राहिली. रॉचेस्टरच्या एमी पोस्ट या मैत्रिणीनं तिला लिहितं केलं होतं. जोतीरावांनी 1873मध्ये 'गुलामगिरी' ज्यांना अर्पण केली, त्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या अमेरिकनांपैकीच या दोघी.

पुस्तक हॅरिएटचंच असल्याचा पुरावा जीन फेगन येलिन या प्राध्यापिकेला सापडला तो रॉचेस्टर विद्यापीठात, पोस्ट कुटुंबाच्या कागदपत्रांत. हॅरिएटनं एमीला लिहिलेल्या पत्रांत पुस्तकाची सगळी घडण आहे: रात्रीचं लिहिणं, प्रसिद्ध लेखिका हॅरिएट बीचर स्टोव यांच्याकडून आलेला कडवट अनुभव, स्वतःच्या आयुष्यातलं सांगायला वाटणारी लाज. चाइल्डबाईंचं काम मुख्यतः मांडणीचं आणि काटछाटीचं. 1981मध्ये येलिन यांनी हे लेखातून मांडलं. 1987मध्ये त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती हॅरिएट जेकब्स या नावानिशी आली. तिला जाऊन तेव्हा नव्वद वर्षं झाली होती.

जुन्या कागदांच्या याद्या करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. संग्रह कुणाच्याही घराण्याचा असो, त्यात पत्र लिहिणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव यादीत स्वतंत्र नोंदवा.