पाचशे मीटरांचे कुंपण

वसईच्या किल्ल्यात दर्या दरवाज्यापाशी उभे राहिले की एक जुनी गोष्ट आठवते. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. त्या तहात जमिनीबरोबर समुद्राचाही व्यवहार झाला होता. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांनी वसईस येऊन परवाना घ्यावा आणि परतीच्या वाटेवर पुन्हा वसईस लागून जकात भरावी, असे एक कलम त्यात होते. या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत. ज्या गलबतापाशी कार्ताझ नसेल ते पोर्तुगीज आरमाराने खुशाल धरावे आणि त्यातील माल लूट म्हणून वाटून घ्यावा, असा त्या काळचा रिवाज होता. समुद्रावर कुंपण दिसत नव्हते, पण ते होते. आणि कुंपण घालणाऱ्याने कोणाचीही अनुज्ञा मागितलेली नव्हती.

आज उत्तर समुद्रात पुन्हा कुंपणे उभी राहत आहेत. ती कोणा राजाच्या जकातीसाठी नाहीत. वाऱ्यापासून वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्यांभोवती जहाजांनी येऊ नये, म्हणून आखलेली ती सुरक्षा क्षेत्रे आहेत. परंतु एक मोठा फरक पडला आहे. ब्रिटनच्या समुद्रात असे क्षेत्र हवे असेल, तर पवनचक्कीच्या मालकाला आता सरकारकडे अर्ज करावा लागतो, कारणे द्यावी लागतात आणि मच्छीमारांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. पूर्वी वाटसरूने परवाना मागायचा होता. आज वाट अडवणाऱ्याने तो मागायचा आहे. हा उलटा प्रवास कसा घडला, हे पाहण्यासारखे आहे.

त्याची सुरुवात एका धर्मगुरूच्या वर्गात झाली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. स्पेनमधील सालामांका विद्यापीठात दोमिनिकन संघाचे फ्रान्सिस्को दे व्हितोरिया ईशज्ञान शिकवीत. १४९३ साली पोप सहावे अलेक्झांडर यांनी नव्याने सापडलेल्या भूमीविषयी फर्मान काढले होते आणि १४९४ च्या तोर्देसिल्यासच्या तहाने स्पेन व पोर्तुगाल यांनी जग आपसांत वाटून घेतले होते. अशा वेळी, १५३९ मध्ये, व्हितोरियांनी आपल्या व्याख्यानात स्पष्ट सांगितले की पोप हे साऱ्या जगाचे ऐहिक स्वामी नव्हेत. आणि प्रवास, व्यापार व परस्पर संपर्क हा निसर्गनियमाने सर्व मानवांना लाभलेला हक्क आहे. त्यांच्याच स्पेनने अमेरिकेत या शेवटच्या तत्त्वाचा आधार पुढे स्वतःच्या सोयीने घेतला, हेही इतिहासाला नाकारता येत नाही.

सत्तर वर्षांनी या विचाराला नवा वाली मिळाला. १६०३ साली सिंगापूरजवळ डच कप्तान हेमस्कर्क याने ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्या कृत्याचे समर्थन करण्याचे काम ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाकडे आले. त्याच्या लिखाणातील एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘मुक्त समुद्र’, या नावाने प्रसिद्ध झाले. ग्रोशियस प्रॉटेस्टंट होता, तरी व्हितोरियांचा आधार घेण्यास त्याने कमीपणा मानला नाही. सेराफिम दे फ्रैतास या पोर्तुगीज धर्मसंघीयाने १६२५ साली आपल्या देशाच्या बाजूने त्याला उत्तर दिले, तर १६३५ साली जॉन सेल्डन या इंग्रजाने ‘मारे क्लाउसुम’, म्हणजे ‘बंद समुद्र’, हा ग्रंथ लिहून इंग्लंडचा हक्क मांडला. वाद विद्वानांचा होता, पण त्यामागे मसाल्याचे आणि माशांचे हितसंबंध होते. कालांतराने तडजोड झाली. किनाऱ्यालगतचा तीन मैलांचा पट्टा देशाचा आणि त्यापुढील समुद्र सर्वांचा, ही रूढी बहुतेक राष्ट्रांनी स्वीकारली.

तेलाने ही तडजोड मोडली. २८ सप्टेंबर १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी किनाऱ्याला लागून असलेल्या समुद्रबूड जमिनीतील खनिजांवर आपल्या देशाचा हक्क जाहीर केला. १९४७ साली मेक्सिकोच्या आखातात, जमीन दिसणार नाही इतक्या अंतरावर, तेलाची विहीर खोदली गेली. मुक्त समुद्राच्या मधोमध लोखंडाचे फलाट उभे राहू लागले. रात्री वा धुक्यात एखादे जहाज त्यावर आदळले तर? फलाटाला संरक्षण हवे आणि जहाजाला वाटही हवी. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने १९५६ साली यावर विचार केला आणि साधारणपणे ५०० मीटर त्रिज्येचे क्षेत्र पुरेसे होईल, असे मत नोंदवले. १९५८ च्या जिनिव्हा करारात तोच आकडा आला. सर्व राष्ट्रांच्या जहाजांनी या क्षेत्राचा मान राखावा, असे कराराने सांगितले. त्याचबरोबर आंतरराष्ट्रीय नौकानयनाला अत्यावश्यक असलेल्या मान्य जलमार्गांत अडथळा येईल अशा जागी ना फलाट उभारावा, ना क्षेत्र आखावे, अशी मर्यादाही घातली. १९८२ च्या समुद्रविषयक करारात, जो १९९४ पासून अमलात आला, हीच ५०० मीटरांची कमाल मर्यादा कायम राहिली.

आज चारशे मीटर लांबीची मालवाहू जहाजे समुद्रात फिरतात. ५०० मीटर म्हणजे अशा जहाजाची जेमतेम सव्वा लांबी. एवढ्या अंतरात ते थांबूही शकत नाही. म्हणून या कुंपणाकडे तटबंदी म्हणून पाहू नये. ती सावधगिरीची खूण आहे.

ब्रिटनने १९८७ च्या पेट्रोलियम कायद्याने समुद्रपृष्ठावर डोके काढणाऱ्या तेल व वायूच्या प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटरांचे क्षेत्र आपोआप लागू केले. अर्ज नको, सुनावणी नको. फलाटावर माणसे राहतात, पोटात ज्वालाग्राही वायू असतो. तेव्हा हे स्वाभाविकच होते. मग आल्या पवनचक्क्या. डेन्मार्कने १९९१ साली व्हिंदेबी येथे समुद्रात अकरा पवनचक्क्या उभारल्या. जगातील हा पहिलाच प्रयोग. (आयुष्य संपल्यावर २०१७ मध्ये त्या उतरवण्यात आल्या.) ब्रिटनमध्ये २००० साली ब्लाइथ येथे दोन, तर २००३ साली वेल्सच्या उत्तर किनाऱ्यासमोर नॉर्थ हॉइल येथे तीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आता प्रश्न निर्माण झाला: तेलाचा नियम वाऱ्याला लावायचा काय?

येथे थोडे गणित करावे लागेल. ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ०.७८५ चौरस किलोमीटर होते. टेम्सच्या मुखाबाहेर २०१३ साली पूर्ण झालेल्या ‘लंडन ॲरे’ या प्रकल्पात १७५ पवनचक्क्या आहेत. त्या प्रत्येकीभोवती असे वर्तुळ काढले तर बेरीज १३७ चौरस किलोमीटरांवर जाते. आणि प्रकल्पाचा विस्तारच सुमारे १०० चौरस किलोमीटरांचा आहे. म्हणजे वर्तुळे एकमेकांत मिसळून सबंध क्षेत्र बंद होणार! त्याऐवजी ५० मीटरांचे वर्तुळ घेतले, तर त्रिज्या दहापट कमी आणि क्षेत्रफळ शंभरपट कमी. बेरीज जेमतेम १.३७ चौरस किलोमीटर. एका शून्याच्या फरकाने मच्छीमाराचे शेत त्याच्याकडे राहते किंवा जाते.

ब्रिटनच्या २००४ च्या ऊर्जा कायद्याने आणि २००७ च्या नियमांनी मधला मार्ग काढला. पवनचक्कीला क्षेत्र आपोआप मिळत नाही. मालकाने अर्ज करावा. त्यात नकाशा, मनोऱ्यांचे अचूक स्थान, कामाचे स्वरूप व कालावधी, आणि कोणत्या नौकांना किंवा कामांना मनाई हवी, हे सांगावे. त्या जागेतून जहाजांची वाहतूक किती व कोणती, आणि धोका नेमका कशाचा, याचा अभ्यास सादर करावा. अर्जाची जाहीर सूचना द्यावी, म्हणजे ज्याला हरकत असेल त्याला ती नोंदवता येईल. सागरी सुरक्षा यंत्रणेचा सल्ला घेतला जातो. गरज पडल्यास मंत्र्याला सार्वजनिक चौकशीही नेमता येते. बांधकाम, मोठी दुरुस्ती किंवा मनोरा उतरवण्याचे काम चालू असता ५०० मीटर, आणि नेहमीच्या वीजनिर्मितीच्या काळात ५० मीटर, असे सर्वसाधारण माप ठरले. बांधकामाच्या काळातही सर्व क्षेत्र एकदम बंद न करता, ज्या मनोऱ्यापाशी काम चालू असेल त्याच्याभोवतीच मोठे वर्तुळ ठेवावे आणि काम पुढे सरकेल तसे तेही पुढे सरकावे, अशी पद्धत रूढ झाली. विनापरवाना आत शिरणे हा मात्र गुन्हाच आहे.

दोन्ही बाजूंची चिंता खरी आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मनोऱ्यावर दोराला लटकून काम करणाऱ्या कामगारालाही घरी वाट पाहणारे कुटुंब असते. खालून गेलेल्या नौकेच्या लाटेने त्याची बोट हेलकावली तर जिवावर बेतू शकते. दुसऱ्या बाजूला, वडिलोपार्जित जागी जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराला वळसा घालून जावे लागले तर इंधन वाढते, वेळ जातो, आणि लगतच्या पाण्यात आधीच असलेल्या नौकांशी कलह होतो. शिवाय मनोऱ्यांदरम्यान तळाशी वीजवाहिन्या असतात. जाळे त्यात अडकण्याच्या भीतीने, वाट उघडी असूनही, अनेक जण आत जाण्याचे टाळतात. कागदावरचे कुंपण काढले म्हणून मनातले निघतेच असे नाही.

हॉलंडने प्रथम उलट मार्ग धरला होता. तेथील पवनक्षेत्रे इतर नौकांना पूर्ण बंद होती. २०१८ साली धोरण सैल करून काही क्षेत्रांतून २४ मीटरपर्यंतच्या नौकांना दिवसा जाऊ देण्यात आले. परंतु खरी परीक्षा ३१ जानेवारी २०२२ रोजी झाली. वादळात ‘ज्युलिएटा डी’ या मालवाहू जहाजाचा नांगर टिकला नाही. ते एका टँकरवर आदळले, पाणी आत शिरले आणि अठरा खलाशांना हेलिकॉप्टरने उचलून घ्यावे लागले. मग ते निर्मनुष्य जहाज वाहत जाऊन बांधकाम चालू असलेल्या पवनक्षेत्रात शिरले आणि एका मनोऱ्याच्या पायावर धडकले. कोणत्याही आकाराचे वर्तुळ त्याला अडवू शकले नसते. नियम पाळू शकणाऱ्यालाच नियम अडवतो. भरकटलेल्या जहाजासाठी ओढनौका आणि जागता पहारा लागतो.

आपल्या किनाऱ्यानेही हा धडा फार महागात घेतला आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हाय येथे तेल शोधले, तेव्हा सर्व देश आनंदला. २७ जुलै २००५ रोजी तेथील उत्तर फलाटावर ‘समुद्र सुरक्षा’ ही साहाय्यक नौका एका जखमी माणसाला फलाटावर उतरवण्यासाठी आली आणि वायुवाहक नळावर आदळली. आग भडकली, २२ जणांचे प्राण गेले, ३६२ जणांना वाचवण्यात आले. ही नौका आगंतुक नव्हती. तिला आत येण्याचा अधिकार होता. नावातच ‘सुरक्षा’ असलेल्या नौकेकडून असे घडावे, हा दैवदुर्विलास. पण कुंपण बाहेरच्याला दूर ठेवते, आतल्याचा निष्काळजीपणा वा अपघात टाळत नाही, हे त्याने दाखवून दिले.

भारत सरकारने २०१५ साली समुद्रातील पवन ऊर्जेचे धोरण जाहीर केले आणि २०२४ साली गुजरात व तामिळनाडू यांच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी अर्थसाहाय्याची योजना मंजूर केली. मनोरे उभे राहतील तेव्हा हीच वर्तुळे आपल्याही नकाशांवर उमटतील. वसई, अर्नाळा, उत्तन येथील आपल्या कोळी बांधवांना समुद्रातील जागेचा मान ठाऊक आहे. डोल जाळ्यासाठी रोवलेला खुंट कोणाचा, हे पाण्यावर लिहिलेले नसते. तरी शेजारी त्याचा मान राखतो, कारण तो नियम सर्वांनी मिळून पाळलेला असतो.

ब्रिटनच्या अर्जपद्धतीतून घेण्यासारखे तेवढेच आहे. पन्नास मीटर योग्य की पाचशे, हे त्या त्या पाण्याची खोली, वाहतूक आणि मासेमारी पाहून ठरेल. पण ते ठरण्याअगोदर तांडेलाला सूचना मिळावी, त्याला समजेल अशा भाषेत मिळावी, आणि त्याचे उत्तर कोणीतरी वाचावे. १५३४ साली वसईच्या धक्क्यावर हे घडले नव्हते. गलबतवाल्याला तेव्हा कोणी काही विचारले नाही. त्याला फक्त कार्ताझची किंमत सांगण्यात आली.