दहा मिनिटं हसू, दोन तास झोप

'हसा आणि निरोगी राहा' हे वाक्य आपण इतक्या ठिकाणी वाचलंय की आता त्यातून काही अर्थच निघत नाही. दवाखान्यातलं कॅलेंडर, रिक्षाची मागची काच, सकाळी सहाला येणारे फॉरवर्ड्स, सगळीकडे तेच. पण दुखण्याशी हसून सामना करायचा, या कल्पनेला आपल्या काळात एक नेमका इतिहास आहे. त्यात एक संपादक आहे, एक हॉटेलची खोली आहे आणि पुढे चक्क आपली अंधेरी आहे. आज त्याबद्दल.

नॉर्मन कझिन्स हा न्यूयॉर्कच्या 'सॅटर्डे रिव्ह्यू' या साप्ताहिकाचा संपादक. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये भाजलेल्या २५ तरुणींना १९५५ साली अमेरिकेत आणून त्यांच्यावर शस्त्रक्रिया व्हाव्यात म्हणून धडपडणाऱ्यांपैकी एक. ऑगस्ट १९६४ मध्ये तो मॉस्कोहून परतला तो कणकण घेऊनच. आठवड्याभरात मान वळेना, हात उचलेना, बोटं हलवणंही जड झालं. निदान झालं अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येऊन ते आखडत जाण्याचा आजार. हा आजार बहुतेकांना ऐन तारुण्यात गाठतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्यासारख्यांची सकाळची आखडलेली पाठ जर आरामाने न सुटता हालचालीने सुटत असेल आणि हे महिनोन्‌महिने चालू असेल, तर दोष खुर्चीला न देता एकदा डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

एका तज्ज्ञाने कझिन्सला पूर्ण बरं होण्याची शक्यता सांगितली ५०० त एक. दिवसाला अॅस्पिरिनच्या २६ गोळ्या आणि फिनाइलब्युटाझोनच्या १२ गोळ्या चालू होत्या. एका दिवशी तर चार वेगवेगळ्या विभागांचे लोक येऊन चार वेळा रक्त घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्याने खोलीच्या दारावर पाटी लावली: तीन दिवसांतून एकदाच रक्त मिळेल, सगळ्यांनी त्यातच भागवावं. मला वाटतं, त्याचा खरा उपचार या पाटीपासून सुरू झाला.

ताणतणावाचा शरीरावर वाईट परिणाम होतो हे त्याने हान्स सेल्ये यांच्या पुस्तकात वाचलं होतं. त्याने सरळ उलटा प्रश्न विचारला, मग आनंदाचा चांगला परिणाम का होऊ नये? त्याचे डॉक्टर विल्यम हिट्झिग हे जुने मित्र, त्यांनी साथ दिली. 'कँडिड कॅमेरा' या छुप्या कॅमेऱ्याच्या टीव्ही कार्यक्रमाचा निर्माता अॅलन फंट याने काही भाग आणि प्रोजेक्टर पाठवला. मार्क्स ब्रदर्सचे सिनेमेही आले (कार्ल मार्क्सशी काही नातं नाही :) ). नर्सला प्रोजेक्टर चालवायला शिकवलं. कझिन्सने लिहून ठेवलंय की दहा मिनिटं पोटभर हसलं की निदान दोन तास वेदनेशिवाय झोप लागायची. जाग आली की पुन्हा प्रोजेक्टर.

हसण्याच्या आधी आणि नंतर ईएसआर मोजला, म्हणजे आपल्या रिपोर्टमध्ये असतो तोच, शरीरातल्या सुजेचा अंदाज देणारा. तो प्रत्येक वेळी थोडासाच, पाचेक अंकांनी, उतरत होता, पण उतरलेला तसाच राहत होता. अडचण एकच झाली. हसण्याचा शेजारच्या पेशंटना त्रास व्हायला लागला! मग गडी हॉटेलात राहायला गेला. खर्च एक तृतीयांश, आणि अंघोळीसाठी किंवा चादर बदलायला कोणी झोपेतून उठवणार नाही. बरोबर 'क' जीवनसत्त्वाचे मोठे डोस सलाइनमधून चालू होतेच.

पुढे तो कामावर परतला. डिसेंबर १९७६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने एका पेशंटचा हा अनुभव छापला, १९७९ मध्ये पुस्तक आलं आणि दंतकथा तयार झाली: माणूस हसून बरा झाला.

आता आपला प्रश्न. एकाच बिल्डमध्ये पाच बदल टाकले आणि बग गेला, तर तो कोणत्या बदलाने गेला? हसणं, 'क' जीवनसत्त्व, अॅस्पिरिनचा मारा बंद होणं, नीट झोप, आणि मुळात हा आजार आपोआपही कमी-जास्त होतो हे वेगळंच. निदान बरोबर होतं का, यावरही पुढे शंका घेतली गेली. एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही. गंमत म्हणजे खुद्द कझिन्सचा दावा दंतकथेपेक्षा बराच नम्र आहे. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला हात पोहोचेपर्यंत कित्येक महिने गेले, मान पूर्ण वळत नाही, गुडघे डुगडुगतात, हे त्यानेच लिहिलंय.

हे पुस्तक पुढे मुंबईत पोहोचलं. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया हसण्यावर एक लेख लिहीत होते आणि त्यांच्या वाचनात कझिन्सही होता. नुसतं लिहिण्यापेक्षा करून बघू म्हणून १३ मार्चला लोखंडवालाच्या बागेत त्यांनी पाच जणांचा लाफ्टर क्लब सुरू केला. रोज एकेकाने विनोद सांगायचा. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, चावट आणि कोणाला तरी लागणारे सुरू झाले, तक्रारी आल्या. तेव्हा कटारियांनी विनोदच काढून टाकला: व्यायाम म्हणून हसा, आधी खोटं, मग ते आपोआप खरं होतं. पत्नी माधुरी योग शिकवायच्या, त्यातून श्वसनाचे प्रकार आले. आज कुठल्याही बागेत सकाळी ऐकू येणारा तो 'हो हो, हा हा हा' तिथला.

याला विज्ञानाचा आधार किती? थोडा आहे. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना विनोदी क्लिप्स दाखवून, आधी आणि नंतर ते वेदना किती सहन करतात हे मोजलं. खरोखर हसलेल्यांची सहनशक्ती वाढलेली दिसली. म्हणजे आजार नाही, पण वेदना थोडी मागे सरते. कझिन्सचे दोन तास इथे जुळतात.

पण याची एक वाईट बाजू आहे आणि ती मी घरात बघतोय. माझ्या आत्याला गेली अनेक वर्षं संधिवात आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "ताई, हसत राहायचं, पॉझिटिव्ह राहायचं." एकदा ती मला म्हणाली, "म्हणजे दुखतंय ते दुखतंय, वर चेहऱ्याची ड्यूटीपण माझीच." पुढच्याच मिनिटाला, बोटं मिटत नाहीत म्हणून चहाचा कप दोन्ही हातांनी धरत म्हणाली, "थांब रे, तुझ्या त्या जुन्या कॉम्प्युटरसारखं आहे, दहाच्या आधी सुरू होत नाही." आम्ही दोघंही खूप हसलो. त्या दोन वाक्यांतच फरक आहे. पहिलं हसू तिच्याकडून मागितलेलं, दुसरं तिचं स्वतःचं.

कझिन्सची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. कधी हसायचं, काय बघून हसायचं आणि रक्त किती वेळा द्यायचं, हे सगळं त्याने ठरवलं. आजाराने माणसाचं बहुतेक ठरवणं काढून घेतलेलं असतं. विनोद ते थोडंसं परत देतो. पण 'हसला नाहीस म्हणून बरा झाला नाहीस' असं झालं की तोच विनोद पेशंटवरचा आरोप होतो.

तेव्हा मंडळी, गोळ्या चालू ठेवा (आता १९६४ पेक्षा पुष्कळ चांगल्या आहेत). आणि दीर्घ आजारी माणसाला भेटायला जाल तेव्हा 'हसत राहा' सांगू नका. जरा बसा, त्यांना काय बघायला आवडतं ते विचारा, लॅपटॉपवर लावून द्या. त्यांनी स्वतःच्या दुखण्यावर विनोद केला तर संकोच न करता हसा. नाही केला, तर गप्प बसून चहा प्यायलात तरी चालेल.